नानांची परीक्षा आणि मागची सीट

श्री. नामदेव बोरसे, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट भडगावच्या एका गल्लीत झाली. मी त्या वेळी माझी मोटरसायकल ढकलत चाललो होतो. चाळीसगावच्या शाळेतून भडगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझी नुकतीच बदली झाली होती. तिथे जाणारी एसटी शाळेच्या वेळेशी कधीच जुळत नसे, म्हणून घरच्यांनी गाडी घेऊन दिली. अडचण एवढीच होती, की वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला ती चालवता येत नव्हती. खानदेशात ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. गाडी दारात उभी राहून राहून तिची बॅटरी उतरली आणि मी ती ढकलत गॅरेजकडे निघालो.

समोरून काळ्या मोटरसायकलवर एक उंच, सडपातळ वृद्ध गृहस्थ आले. डोक्याला हेल्मेट, अंगात पांढरा सदरा, मागे पदर खोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी. त्यांनी गाडी थांबवली.

"पेट्रोल संपनं का, भाऊ?"

मी खोटाच होकार भरला. त्यांनी उतरून माझ्या गाडीचा हँडल धरून ती जराशी हलवली. टाकीत पेट्रोल डचमळलं. मग त्यांनी मीटरवर नजर टाकली.

"टाकी तं भरेल शे. आनि मीटर कोरं शे. चालवता येस का तुम्हले?"

"नाही," मी म्हणालो.

पलीकडच्या टपरीवर दोघे-तिघे हसले. नानांनी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "हसू नका रे. त्यास्नी एवढी जड गाडी एवढ्या लांब ढकली आनी. तुम्हले जमी का?" मग मला म्हणाले, "रविवारी सकाये जिनिंगना पटांगणवर या. बॅटरी नही राह्यनी तरी चाली."

बॅटरी नसली तरी चालेल, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. पुढे कळलं, की पहिले दोन रविवार नाना कोणालाच इंजिन सुरू करू देत नाहीत.

नाना टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तारा जिथे जातील तिथे त्यांना जावं लागे, आधी सायकलवर आणि नंतर मोटरसायकलवर. धुळ्याकडचा माळ, मुक्ताईनगरकडच्या केळीच्या बागांमधले अरुंद रस्ते, गिरणाकाठची काळी माती, असा आपला बठ्ठा, म्हणजे सगळा, मुलूख त्यांनी दोन चाकांवरून पाहिला. निवृत्तीनंतर त्यांनी गाडी सोडली नाही. बाराही महिने, कामाला आणि बिनकामाला, ते गाडीवरच हिंडत राहिले. आणि दर रविवारी सकाळी कापसातून सरकी काढण्याच्या बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या पटांगणावर ते इतरांना गाडी शिकवू लागले. तिथे नर्सबाई येत, दूध घालणारे येत, कॉलेजच्या मुली येत. लायसन कसं मिळवायचं हे नाना शिकवत नाहीत. "लायसन सरकार देस. मी घरी परत कसं येवानं ते सांगस," असं ते म्हणतात.

त्या पटांगणावरचा सर्वांत मंद विद्यार्थी मी होतो, हे इथे नोंदवताना मला संकोच वाटत नाही. माझ्यासोबत आलेले लोक महिन्याभरात गाडी घेऊन आपापल्या वाटेने गेले. मी हिवाळ्यात सुरुवात केली आणि कैऱ्या लागल्या तरी पटांगणावरच होतो. कोपऱ्यात सरकीच्या फोलपटांचा जुना ढीग होता. तेवढं विस्तीर्ण पटांगण सोडून माझी गाडी नेमकी त्या ढिगात जाई. मी उठून कपडे झटकत असताना नाना शांतपणे विचारत, "कोठे देखत व्हतात?"

"ढिगाकडे."

"मंग गाडी तठेच जाई ना. जठे जावानं शे, तठे देखा."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल याची गणती नाही. पण प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगत. मी स्वतः शिक्षक आहे. एकच गोष्ट पुन्हा सांगताना आवाजात जो कंटाळा उतरतो तो मला चांगला ओळखता येतो. नानांच्या आवाजात तो मला एकदाही सापडला नाही.

अक्कांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नानांच्या पत्नी, सौ. इंदुमती, आम्हा सर्वांच्या अक्का. रविवारी त्या नानांच्या मागे बसून यायच्या. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा डबा ओट्यावर ठेवायच्या आणि आमची फजिती पाहत बसायच्या. गाडीवर असताना त्यांचं तोंड एक क्षण बंद नसे. नानांची गाडी येण्याआधी अक्कांचा आवाज येतो, असं आम्ही म्हणायचो. नाना हसून म्हणत, "रेडिओ शे मना. बटन नही त्याले."

नाना बारमाही गाडी चालवतात म्हणजे काय, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यात कळतं. मे महिन्यात दुपारी गाडीच्या सीटवर हात ठेववत नाही. नाना उजाडताना निघतात, ओलं उपरणं मानेभोवती गुंडाळतात आणि दर थोड्या वेळाने सावली बघून थांबतात. एकदा मुक्ताईनगरला मुक्ताबाईच्या दर्शनाला आम्ही दोन गाड्यांवर निघालो होतो. मी म्हटलं, "नाना, न थांबता गेलो तर लवकर पोहोचू." त्यांनी निंबाखाली गाडी लावली, ताकाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ऊन माणूसले घाई लावस. घाई व्हयनी, का आपण ऊनना ताबामा गयात. प्या."

आणि त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगतो. मी पहिल्या वर्षी श्रावणात गाडीने शाळेत जाऊ लागलो तेव्हा शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर काळ्या मातीचे थर सोडून जात. पाऊस पडला की तो रस्ता साबण लावल्यासारखा होई. अशा एका सकाळी मी दारात उभा राहून सुट्टी टाकावी का, असा विचार करत होतो. इतक्यात रेनकोट घातलेले नाना गल्लीच्या तोंडाशी दिसले. बोलावलं कोणीच नव्हतं. "मी पुढे चालस. मना चाकनी रेघ सोडू नका," एवढंच म्हणाले. शाळेच्या फाटकापर्यंत ते माझ्यापुढे चालले. कुठे वेग कमी करायचा, कुठे ब्रेक मुळीच लावायचा नाही, हे त्यांनी एक शब्द न बोलता मला दाखवलं. मी फाटकात शिरलो तेव्हा ते चहालाही न थांबता वळून गेले.

आता गेल्या वर्षीच्या गोष्टीकडे येतो. हा लेख लिहिण्याचं खरं कारण तीच आहे.

दिवाळीला नानांचे चिरंजीव प्रकाश नाशिकहून आले होते. ते इंजिनिअर आहेत आणि वडिलांवर त्यांचा फार जीव आहे. फराळाला मलाही बोलावलं होतं. प्रकाशरावांनी विषय काढला.

"नाना, आता पंच्याहत्तरी आली. गाडी बास करा. फोन वाजला की आधी तुमचाच अपघात डोळ्यांसमोर येतो."

मला वाटलं, नाना चिडतील. त्यांनी फक्त हातातली करंजी ताटलीत ठेवली. मग म्हणाले, "मी म्हणसू, माले जमस. तू म्हणशी, नही जमत. दोन्ही गोष्टीस्ले अर्थ नही. परीक्षा व्हऊ दे. नापास व्हयनू तं किल्ली तुना हातमा."

"परीक्षा कोण घेणार?"

"मास्तर."

माझ्या हातातला चिवडा खाली पडला. मी म्हणालो, "नाना, तुमच्याकडे शिकलेले केवढेतरी पटाईत लोक आहेत. मीच कशाला?"

"त्या बठ्ठा लवकर शिकनात. लवकर विसरी बी ग्यात. तुम्हले मन्हं एकेक वाक्य पाठ शे." मग त्यांनी जोड दिली, "आनि त्या माले पास करी टाकतीन. तुम्ही मास्तर शेतस. पेपर तपासतास तशी तपासा."

मला रात्रभर झोप आली नाही. ज्या माणसामुळे मी गाडीवर बसलो, त्यांना गाडीवरून उतरवण्याचा अधिकार माझ्या हाती आला होता आणि तो मला नको होता.

परीक्षेचा दिवस ठरला. अक्कांना त्यांच्या बहिणीकडे चाळीसगावच्या रस्त्यावरच्या एका गावी जायचं होतं. तिथपर्यंत नाना त्यांना सोडतील, मी मागून माझ्या गाडीवर पाहत येईन, आणि मग नाना एकटे परत फिरतील, असं ठरलं. जाताना मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो आणि मला बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. वेग तोच, दोन वाहनांतलं अंतर तेच, वळण्याआधीचा इशारा वेळेवर. एका ठिकाणी कापसाच्या गाठोड्यांनी लादलेली ट्रॉली मधेच थांबली होती. नानांनी मागचं वाहन जाऊ दिलं आणि मग इतक्या सहज वळसा घातला, की मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळा झालो.

परतीच्या वाटेवर चित्र बदललं. उजवीकडे वळण्याआधी आरसा पाहायचा आणि मग मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं, हा नानांचा आम्हाला सर्वांत पहिला धडा. अगदी जवळ आलेलं वाहन आरशात दिसत नाही, ते खांद्यावरून पाहिल्यावरच दिसतं. परतताना नाना आरसा पाहत होते, पण त्यांची मान वळत नव्हती. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच लक्ष चुकलं. मग पुन्हा तेच झालं. पेट्रोल पंपाकडे उजवीकडे वळताना केळीने भरलेला एक पिकअप त्यांच्या खांद्याशी आला होता आणि ते वळायला लागले. मी जोरात हॉर्न दाबला. नाना जागीच थांबले आणि पिकअप त्यांच्या हाताजवळून सूं करून गेला.

"कशी चालवतस देखा!" नाना पिकअपकडे पाहून म्हणाले.

घरी पोहोचल्यावर निकाल आठवड्याने सांगतो, असं म्हणून मी तिथून निघालो.

दुसऱ्या दिवशी अक्कांना आणायला मीच गेलो. त्या माझ्या मागे बसल्या आणि नेहमीसारखं त्यांचं बोलणं सुरू झालं. बहिणीची सून, तिच्या घरचं लोणचं. आणि मधेच, त्याच आवाजात, "चाला, मोकळं शे." मी वळलो. पुन्हा लोणचं. मग, "थांबा, मागे ट्रक शे." मी थांबलो आणि ट्रक गेला. एवढी वर्षं आम्ही ज्याला रेडिओ म्हणत होतो, तो असा होता.

मी गाडी बाजूला घेतली. "अक्का, तुम्ही नानांनाही असंच सांगता?"

"दोन वरीस व्हयनात. त्यास्नी मान वळस नही. मी देखस, मी सांगस, त्या वळतस."

"नानांना हे माहीत आहे?"

"त्यास्ले वाटस, मी बडबड करस."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

अक्का रस्त्याकडे पाहू लागल्या. "सांगतू तं गाडी बंद. मंग मी बी घरमाच बससू ना, मास्तर. माले बी हिंडानं आवडस."

पुढच्या शनिवारी प्रकाशराव आले. नाना खुर्चीवर ताठ बसले होते, अंगात इस्त्रीचा सदरा होता. माझ्या शाळेतली दहावीची मुलं निकालाच्या दिवशी जशी बसतात, तसेच. मी जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं. पिकअपचंही सांगितलं. शेवटी अक्का मागे बसून काय करतात, हेही सांगितलं.

नानांनी अक्कांकडे पाहिलं. "खरं शे का?"

"खरं शे."

"दोन वरीस?"

"जास्तीच व्हतीन."

नाना उठले, खुंटीवरची किल्ली काढली आणि प्रकाशरावांच्या समोर ठेवली. आपला शब्द त्यांनी पाळला होता.

प्रकाशरावांनी किल्लीला हात लावला नाही. त्यांनी मला विचारलं, "सर, एकट्याने चालवायची नाही, हे समजलं. पण आई मागे असेल तर?"

"अक्का मागे असतील तर मी माझ्या मुलांना घेऊन नानांच्या मागोमाग धुळ्यापर्यंत जाईन," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं होतं.

प्रकाशरावांनी किल्ली उचलली आणि आईच्या हातात दिली. "मग ही तुझ्याकडे. तू बसलीस तर गाडी निघेल. आणि नाना, सोमवारी आपण मानेसाठी डॉक्टरांकडे जायचं."

अक्कांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. "देखा," त्या नानांना म्हणाल्या, "आते माले इचारीसन जानं पडी."

नाना हसले नाहीत. रविवारी ते पटांगणावर आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारीही आले नाहीत. मी जमेल तसा वर्ग घेतला, पण माझं लक्ष सारखं फाटकाकडे होतं. आपण एका माणसाचा आधार काढून घेतला, असं मला वाटत राहिलं. सौ.ने समजूत घातली, शाळेतल्या सहकाऱ्यांनीही घातली, तरी ती टोचणी जाईना.

तिसऱ्या रविवारी फाटकातून अक्कांचा आवाज आला. नाना गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि सर्वांना गोल बसवलं. नवे-जुने मिळून बरेच जण होतो. ते म्हणाले, "मी परीक्षा दिधी. मास्तरस्नी घेतली. मी नापास व्हयनू."

नानांनी मग मान उजवीकडे वळवून दाखवली. ती थोडी वळली आणि अडली. "इतलीच वळस. माले वाटे, पुरी वळस. डॉक्टरनी आरसासमोर बसाडं तवय समजनं. आते तुम्ही बठ्ठा जन वळवा. एकमेकस्नी देखा."

आम्ही एकमेकांच्या माना पाहू लागलो. हशा पिकला. पण त्या गोलात पन्नाशीचे एक दूधवाले भाऊ होते, रोज पहाटे हायवे ओलांडून दूध घालणारे. त्यांची मान नानांच्या इतकीही वळेना. ते आधी हसले, मग पुन्हा पुन्हा मान वळवून पाहू लागले. दुसऱ्याच दिवशी नाना त्यांना आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आज ते दोघे पटांगणावर शेजारी बसून मानेचे व्यायाम करतात आणि कोणाची जास्त वळली यावरून भांडतात.

आपल्या कानांवर नानांविषयी अनेक गोष्टी आल्या असतील. त्यांनी किती लोकांना शिकवलं, किती मुलखात फिरले, हे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलंच असेल. मला मात्र त्यांचं मोठेपण त्या रविवारी दिसलं. आयुष्यभर ज्या विद्येच्या बळावर माणूस उभा राहिला, तीत आपण कमी पडलो हे आपल्याच शिष्यांसमोर, उन्हात उभं राहून, खुल्या आवाजात सांगणं सोपं नाही. आणि ते सांगून लगेच त्याचा धडा करणं तर त्याहून अवघड आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ वर्गात उभा आहे. मला ते जमलं असतं, असं मी म्हणू शकत नाही.

या गोष्टीतून एक नवी गोष्ट उभी राहिली. मागे बसणाऱ्यालाही शिकवलं पाहिजे, असं नानांच्या मनाने घेतलं आणि शिकवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. गेल्या काही महिन्यांपासून दर रविवारी अक्का मागच्या सीटचा वर्ग घेतात. कसं बसायचं, वळणावर अंग कसं सैल सोडायचं, पदर आणि ओढणी कशी बांधायची, चालवणाऱ्याला काय सांगायचं आणि केव्हा अजिबात काही सांगायचं नाही. "घरना भांडण घरमा. गाडीवर फक्त रस्ता," असा त्यांचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्या कोणत्याही सूनबाईंना त्या तिथेच उतरवतात.

मध्यंतरी अक्कांनी नानांनाच मागे बसवून दाखवायचं ठरवलं. गाडी मी चालवली. एवढ्या वर्षांत नाना बहुधा पहिल्यांदाच कोणाच्या मागे बसले असावेत. पटांगणाला अर्धा फेरा झाला नाही तोच ते पायाने नसलेला ब्रेक दाबू लागले. वळणावर ताठ झाले, माझा खांदा घट्ट धरला आणि एकाच वेळी "गियर बदला", "ढिला सोडा" आणि "तठे काय देखतास?" असं ओरडले. गाडी डगमगली आणि आम्ही दोघेही कसेबसे पाय टेकून उभे राहिलो.

अक्कांनी ओट्यावरून निकाल दिला, "नाना, पुढना रविवारी परत या. पहिला धडापासून."

सारं पटांगण हसलं आणि सर्वांत जास्त नाना हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते हसणं पाहिल्यावर माझ्या मनातला शेवटचा सल गेला.

नानांनी पंच्याहत्तर वर्षं पूर्ण केली आहेत. त्यांना खणखणीत प्रकृती लाभो, पटांगणावर दर रविवारी नवे चेहरे येत राहोत आणि त्यांच्या अंगात त्यांना गाडी शिकवण्याची उमेद टिकून राहो, ही आम्हा सर्व शिष्यांची मनापासून इच्छा आहे. फक्त ही प्रार्थना करताना मी एक अट घालतो. जे आयुष्य मागायचं ते नाना आणि अक्का, दोघांसाठी सारखं मागायचं. दोघांना भरपूर वर्षं मिळोत, आणि ती एकाच गाडीवर मिळोत.